तलाव सुधारला म्हणजे नेमकं काय सुधारलं?

संपादक साहेब, नमस्कार.

मी ऐरोलीला राहतो. नोकरी सगळी टीटीसी म्हणजे ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात पाणी तपासायच्या लॅबमध्ये झाली, आता रिटायर आहे, त्यामुळे कुठे तलावाचं पुनरुज्जीवन झालं असा बोर्ड दिसला की आधी पाण्यात डोकवायची खोड काही जात नाही. मागच्या महिन्यात आमच्याकडच्या एका तलावाचा असाच कार्यक्रम झाला. स्टेजवरून सांगितलं किती डंपर गाळ काढला, किती रोपं लावली, किती मीटर वॉकिंग ट्रॅक झाला, वर कारंजं पण सुरू केलं. मी तिथल्या एका इंजिनिअरला विचारलं, पाण्यातला ऑक्सिजन कामाआधी किती होता आणि आता किती आहे? तो म्हणाला, काका, रिपोर्ट चांगला आलाय. आधीचा रिपोर्ट काढलेलाच नव्हता. आत्ताचा त्याने मोबाईलवर दाखवला, तर सॅम्पल दुपारी अडीचचं!

आता यात काय गंमत आहे ते सांगतो. तलाव शेवाळाने हिरवागार असला की भर उन्हात ते शेवाळच ऑक्सिजन सोडत असतं, त्यामुळे दुपारचा आकडा एकदम झकास येतो, आणि तोच तलाव पहाटे पाचला तपासा, रात्रभर शेवाळाने आणि गाळातल्या जंतूंनी ऑक्सिजन संपवलेला असतो, मासे मरतात ते याच वेळेला. म्हणजे तलाव तोच, दिवस तोच, पण एक रिपोर्ट पास आणि एक नापास. त्यात सॅम्पल कुणी रिकाम्या पाण्याच्या बाटलीत खळखळ ओतून आणलं की हवेतलाच ऑक्सिजन आत जातो, जागेवर केमिकल टाकून तो फिक्स करायचा असतो हे किती जणांना माहीत असतं देव जाणे.

बीओडीचंच बघा, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जंतू किती ऑक्सिजन खातात त्याचं माप. आपल्याकडे ती टेस्ट २७ डिग्रीला ३ दिवस ठेवून करतात, बाहेर बऱ्याच ठिकाणी २० डिग्रीला ५ दिवस. पण निदान पद्धत लिहून ठेवलेली आहे, आंघोळीच्या पाण्याला बीओडी लिटरला ३ मिलिग्रॅमच्या वर नको आणि ऑक्सिजन ५ च्या खाली नको हेही ठरलेलं आहे, त्यामुळे भांडायला तरी काहीतरी हातात असतं. तलाव, खाडी, डोंगर सुधारल्याचा हिशोब मात्र ज्याने काम केलं तोच आपल्या फूटपट्टीने मांडतो. एक गाळ मोजतो, दुसरा रोपं, तिसरा उद्घाटनाला आलेली माणसं.

रोपांचं तर विचारूच नका. २०१६ ला राज्यात २ कोटी, मग ४, मग १३ आणि २०१९ ला ३३ कोटी झाडांचं टार्गेट होतं, चर्चा सगळी लावली किती याचीच. केंद्राची ग्रीन क्रेडिट योजना २०२३ ला आली, २०२४ च्या नियमात हेक्टरी किमान ११०० झाडं आणि झाडामागे एक क्रेडिट, म्हणजे विकता येणारा गुण. नंतर त्यात ५ वर्षं पूर्ण व्हायची आणि ४० टक्के जमिनीवर झाडांची सावली असायची अट घातली, ते बरं केलं. पण शेवटी मोजायचं झाडच.

आणि झाड मोजायचं ठरवलं की आपल्या खाडीची पंचाईत होते. ठाणे खाडीला २०१५ ला फ्लेमिंगो अभयारण्य केलं, २०२२ ला रामसरचा, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागेचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला, तो उघड्या चिखलावर पोट भरणाऱ्या पक्ष्यांमुळे पण मिळाला ना? फ्लेमिंगो काही तिवरांच्या (खारफुटीच्या) झाडीत घुसून चरत नाही. उद्या कुणी त्याच चिखलात तिवरांची रोपं लावली तर कागदावर हिरवाई वाढली आणि पक्ष्याचं ताट गेलं. (तिवरं तोडा असं मी म्हणत नाहीये, उगाच कुणी फोन करू नका.) ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगरावर जे यश, ते खाडीच्या चिखलात नुकसान असू शकतं, म्हणून टार्गेट जागेप्रमाणे वेगळं ठेवा पण मोजायची रीत एकच ठेवा.

ठाणे आणि नवी मुंबई महापालिका, सिडको, वनखात्याचा तिवरं सांभाळणारा कांदळवन कक्ष, या सगळ्यांनी एकदा बसून एवढं ठरवावं की काम सुरू व्हायच्या आधी किमान एक वर्ष मोजायचं, नंतर पाच वर्षं त्याच महिन्यात, त्याच वेळेला, त्याच जागी मोजायचं, आणि जवळचा एक हात न लावलेला तलाव किंवा चिखलाचा तुकडा पण सोबत मोजायचा, नाहीतर पाऊस चांगला झाला म्हणून पाणी सुधारलं की आपल्या कामामुळे, हे कळणार कसं? आकडे वेबसाईटवर टाका, खराब आले तरी टाका. खर्चाचं कारण सांगू नका, कारंज्याच्या लाईटबिलापुढे हे काहीच नाही.

माझ्याकडे ३०० मिलीच्या जुन्या बीओडी बाटल्या अजून आहेत. कुणी अधिकारी पहाटे पाचला तलावावर येणार असेल तर बाटल्या घेऊन मी हजर आहे, चहा पण माझ्याकडून.

एक वाचक,
ऐरोली, नवी मुंबई