मंद्यास पत्र: ६६अ अजून जिवंत आहे

नौपाडा, ठाणे

प्रिय मंद्या,

माझी शुगर ताब्यात, आईचा गुडघा आहे तसाच. फोनवर तू मध्येच वाद सुरू करतोस, म्हणून मुद्दाम लिहितोय.

आमच्या खालच्या मजल्यावरचा निनाद तुला आठवत असेल. आता इंजिनिअरिंगला आहे. सोसायटीच्या ग्रुपवर त्याने लिहिलं, "आपले साहेब सध्या कोणत्या पक्षात आहेत, कोणी सांगेल का? बॅनरवर फोटो आहे, चिन्ह दिसत नाही." लोकांनी भराभर हसरे चेहरे टाकले. मग बी विंगमधल्या एका गृहस्थांनी लिहिलं, "आयटी ॲक्ट, ६६अ. तीन वर्षं आत. स्क्रीनशॉट काढलाय." आणि मंद्या, लोकांनी एकेक करून आपले हसरे चेहरे काढून घेतले! मी बघत होतो.

रात्री निनादचे बाबा त्याला घेऊन त्या गृहस्थांच्या दारात गेले, माफी मागायला लावली. सकाळपासून ग्रुपवर फक्त ॲडमिन लिहू शकतो. आता तिथे टाकी धुण्याच्या वेळा येतात, बास.

६६अ! २४ मार्च २०१५ ला सुप्रीम कोर्टाने श्रेया सिंघल खटल्यात ते अख्खं कलम घटनाबाह्य ठरवलं, तेव्हा तू कोर्टाच्या कॅन्टीनमधून फोनवर ओरडत होतास. त्या याचिकेमागचं प्रकरण तर आपल्याच जिल्ह्यातलं. पालघर तेव्हा ठाण्यात होतं. नोव्हेंबर २०१२, बाळासाहेब गेल्यानंतरचा बंद. एका मुलीने फेसबुकवर त्याबद्दल लिहिलं, दुसरीने ते नुसतं लाइक केलं, आणि दोघींना अटक. कुणाला त्रास झाला, गैरसोय झाली एवढ्यावर गुन्हा लावता येईल इतकं ते कलम मोघम होतं. रद्द झाल्यावरही पोलीस ते लावतच राहिले, म्हणून ऑक्टोबर २०२२ मध्ये कोर्टाला पुन्हा बजावावं लागलं.

पण इथे पोलीस नव्हतेच रे. चौकीची पायरी कुणी चढलं नाही. शेजाऱ्याने शेजाऱ्याला घाबरवलं, आणि सगळ्या बिल्डिंगने ते मुकाट मान्य केलं. याचंच मला फार वाईट वाटतंय.

न्यायमूर्ती दावरांवरून आपण होस्टेलवर किती भांडलो! १८९७ ला टिळकांचा जामीन मिळवणारा वकील, आणि १९०८ ला त्यांनाच सहा वर्षं ठोठावणारा न्यायाधीश. तू म्हणायचास माणूस बदलला, मी म्हणायचो १२४अ चं, म्हणजे राजद्रोहाचं कलमच तसं. माझं मत अजून तेच आहे, उगाच खूश होऊ नकोस. पण त्या कोर्टातसुद्धा टिळक एकवीस तास बोलले. निनादला, तू नेमकं काय लिहिलंस, हे त्याच्या बाबांनीही विचारलं नाही.

बाकी कलमं आहेत, मला ठाऊक आहे. मानहानी आहे, न्याय संहितेतलं, देशाची एकता धोक्यात आणण्याबद्दलचं, १५२ आहे. पण लोकप्रतिनिधीचा पक्ष विचारणं त्यातल्या कशात बसतं, सांग. मतदार नाही विचारणार तर कोण विचारणार? पोराने इन्स्टाचं खातंही बंद केलंय. जिन्यात भेटला तर खाली बघून निघून जातो. एकोणीस वर्षांचं पोर रे.

तुझ्या रत्नागिरीच्या घराचे पत्रे घातले का? मुक्ताची बारावी कशी चाललीय? वहिनींची बदली रद्द झाली असली तर पेढे पाठव.

आता काम. रविवारी आमची सर्वसाधारण सभा आहे. तुझ्या लेटरहेडवर मराठीत एक पान लिहून दे: हे कलम कधी रद्द झालं, का झालं, आणि आज त्याखाली कुणावर खटला चालवता येत नाही. तुझी ती 'सबब', 'यास्तव' वाली भाषा नको, माझ्या आईला कळेल असं लिही. ऐनवेळच्या विषयांत मी ते उभं राहून वाचणार आहे, निनादच्या बाबांना शेजारी बसवून. चेअरमन नाही म्हणाले तर नोटीस बोर्डावर लावीन. शुक्रवारपर्यंत स्पीड पोस्टने पोचेल असं बघ. फोटो नको, शिक्का हवा.

तुझा,
शिऱ्या