माठ थोरल्याच्या नावावर कर

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

मुलांना एकच गोष्ट दहादा सांगावी लागते, असं तू फोनवर म्हणालास. यात त्यांचा आळस थोडा आहे, पण बराचसा दोष आपल्या सांगण्याचा आहे. हे उचल, ते आण, जरा पाणी दे, असे आपण दिवसभर हुकूम सोडतो. त्यात लक्षात ठेवण्याचं काम आपल्याकडेच राहतं, मुलांच्या वाट्याला नुसती धावपळ येते. आपण आठवण करायचं विसरलो की काम तिथेच पडतं. मुलांना जबाबदारी शिकवायची तर एखादं काम आठवणीपासून आवराआवरीपर्यंत पूर्णच त्यांच्या नावावर करावं लागतं.

म्हणून दहा कामांचा रंगीत तक्ता करून भिंतीवर लावू नकोस. तो आठवडाभर टिकतो. थोरल्याला एक काम दे, धाकटीला एक. महिनाभर दुसरं काही वाढवायचं नाही.

थोरला दहाचा आहे, त्याला पिण्याच्या पाण्याचा माठ दे. हे काम मी विचार करूनच सुचवते आहे. ते रोजचं आहे, घरातल्या प्रत्येकाला लागतं, आणि चुकलं तर नुकसान थोडं होतं. आजोबांच्या गोळ्या, गॅस, इस्त्री ही कामं कितीही समजूतदार मूल असलं तरी या वयात सोपवू नयेत, कारण तिथे एक चूकही महाग पडते. माठ रिकामा राहिला तर फार तर एक संध्याकाळ सगळे फिल्टरचं कोमट पाणी पितील.

माठ आठ-दहा लिटरचा, तोटीचा घे. बोटाने वाजवून बघ, खणखणीत आवाज आला पाहिजे. बद्द वाजला तर कुठेतरी तडा असतो. नवा माठ दिवसभर पाण्याने भरून ठेवायचा आणि ते पाणी झाडांना घालायचं. मग कामाची रीत त्याला एकदा नीट दाखव. सकाळी उरलेलं पाणी कुंड्यांना घालायचं. एक दिवसाआड माठ मोरीत चुंबळीवर टेकवून आतून-बाहेरून काथ्याने घासायचा. साबण लावायचा नाही, कारण मातीत साबण मुरतो आणि पुढे कितीतरी दिवस पाण्याला त्याचा वास येतो. बाहेरची बाजूही घासायची हे मुलांना पटत नाही, तेव्हा कारण सांग: माठाच्या बारीक छिद्रांतून पाणी झिरपतं, त्याची वाफ होते, म्हणून आतलं पाणी गार राहतं. क्षारांचा पांढरा थर बसून छिद्रं बुजली की माठ नुसतं भांडं होतो. कारण कळलं की मुलं काम टाळायला कमी बघतात.

भरलेला माठ त्याला उचलू देऊ नकोस. दहा लिटर पाण्याचंच वजन दहा किलो, वर मातीचं वेगळं, आणि ओला माठ हातातून निसटतो. आधी रिकामा माठ तिवईवर ठेवायचा, मग दोन लिटरच्या जगने फिल्टरचं पाणी आणून भरायचा. तिवई त्याच्या कमरेच्या उंचीची हवी. खांद्याच्या वर जग उचलावा लागला की अर्धं पाणी फरशीवर जातं आणि मग ओरडा बसतो. काम कधी पूर्ण झालं म्हणायचं तेही पहिल्याच दिवशी ठरव: माठ काठाखाली चार बोटं भरलेला, झाकण लावलेलं, तोटी ठिबकत नाही, फरशी पुसलेली. फरशी पुसणं हा कामाचाच भाग आहे, हे आधी सांगितलं नाही तर ते कायम आईच्या वाट्याला येतं.

शिकवताना घाई करू नकोस. पहिले दोन दिवस तू कर, त्याला बघू दे. पुढचे दोन दिवस दोघांनी मिळून. मग त्याने करायचं आणि तू नुसतं जवळ उभं राहायचं, तोंड बंद ठेवून. त्यानंतर तिथून निघून जा.

पहिला उत्साह ओसरला की तो एक दिवस विसरेलच. खरी कसोटी तिथे आहे, आणि ती तुझी आहे. संध्याकाळी माठ कोरडा दिसला की मोठी माणसं दोनपैकी एक गोष्ट करतात: गुपचूप भरून टाकतात, नाहीतर व्याख्यान देतात. गुपचूप भरलास तर विसरलं तरी चालतं, हे तो शिकेल. व्याख्यान दिलंस तर माठ त्याच्या डोक्यातून जाईल आणि बाबांचा राग तेवढा राहील. कोणीतरी पेला घेऊन तोटी सोडेल, पाणी येणार नाही, ते त्याला दिसू दे. रिकामा माठ त्याने तेव्हाच उठून भरायचा, टीव्हीवर काहीही चालू असो. वारंवार विसरू लागला तर कामाची वेळ बदल आणि ते एखाद्या पक्क्या सवयीला जोड. ‘सकाळी कधीतरी’ असं सांगितलेलं मुलांच्या ध्यानात राहत नाही, ‘दात घासले की माठ’ राहतं.

धाकटी सहाची आहे म्हणून तिला लहान समजू नका. माँटेसरी पद्धतीत तीन वर्षांची मुलंही पाणी ओततात, बटणं लावतात, झाडतात. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला बालवाडी सुरू केली, तिथेही आसपास सहज मिळणाऱ्या साध्या वस्तूंवर भर होता. तिला खेळण्यातली भातुकली वेगळी असू दे, काम मात्र खऱ्या भांड्यांनी करू दे. रात्रीचं पाटपाणी तिच्याकडे दे. चार ताटं, आठ वाट्या, चार पेले, सगळं स्टीलचं, आणि तिच्या हाताला पोचेल अशा खालच्या कप्प्यात. ताटात डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी आणि आमटीची वाटी. मीठ-लिंबू तिने वाढावं, गरम पदार्थ मोठ्यांनी. यात मोजणं येतं, डावं-उजवं पक्कं होतं, आणि घरात पाहुणा आला की ती स्वतःहून पाचवं ताट काढते का, तेही कळतं. काढलं तर समज, काम तिचं झालं.

तिने मांडलेलं ताट वाकडं असेल तर तिच्यादेखत सरळ करू नकोस, सूनबाईलाही सांग. तेवढ्या एका हालचालीने तिचं सगळं काम रद्द होतं. आणि ‘शाब्बास, गुणाची बाय माझी’ एवढ्यावर थांबण्यापेक्षा तिने काय केलं ते बोलून दाखव: ‘आज लिंबाच्या बिया काढून ठेवल्यास, छान झालं.’

महिना झाला की शाळेचा डबा हे दोघांचंही आपापलं काम. घरी आल्यावर दप्तर टाकण्याआधी डबा बाहेर काढायचा, उरलेलं ओल्या कचऱ्यात टाकायचं, झाकणाची रबरी रिंग काढून डबा पाण्यात बुडवायचा. रिंगच्या खाचेत भाजीचा रस अडकतो आणि रात्रभर राहिला की कुबट वास धरतो. धाकटीला डबा स्वतः उघडता येतो का ते मात्र आधी बघ. झाकण इतकं घट्ट असेल की शाळेत बाईंना उघडून द्यावा लागतो, तर दोष डब्याचा आहे.

एक गोष्ट कळकळीने सांगते: घरच्या कामाचे पैसे देऊ नकोस. माठ भरायचे पाच रुपये ठरवलेस तर एक दिवस तो म्हणेल, मला नकोत पाच रुपये, आणि मग तुझ्याकडे उत्तर नसेल. खाऊचे पैसे द्यायचे ते वेगळे, ठरल्या वारी, कामाशी संबंध न लावता. पैशाचा व्यवहार बाजारातून शिकव. रविवारी थोरल्याला शंभर रुपये आणि चार ओळींची यादी दे: कोथिंबिरीची जुडी, पाव किलो टोमॅटो, आलं, चार लिंबं. जुडी सोडून आत पिवळी पानं बघायची, टोमॅटो पिशवीत सगळ्यात शेवटी ठेवायचे, मोड तिथेच मोजून घ्यायची. घरी आल्यावर वहीत खर्च आणि शिल्लक. पाच रुपये कमी भरले तर ओरडू नकोस, हिशेब पुन्हा मांडायला लाव. दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतः बचत खातं चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये बँकांना दिली. रक्कम काढण्याच्या मर्यादा प्रत्येक बँकेच्या वेगळ्या असतात, त्या विचारून घे.

काम ही शिक्षा म्हणून कधी देऊ नये. ‘मस्ती केलीस, आता झाडून काढ’ असं एकदा म्हटलं की झाडूचा कायमचा तिटकारा बसतो. तसंच, बाहेरचं काम मुलाला आणि स्वयंपाकघर मुलीला, ही वाटणी नकळत होते. तीन महिन्यांनी पाटपाणी थोरल्याकडे जाऊ दे. धाकटीला कुंड्यांचं पाणी आणि तुझ्याबरोबर बाजार. तूही जेवून उठताना आपलं ताट मोरीत ठेवून उठतोस का, हे दोघं रोज बघतात.

आम्ही दिवाळीला येऊ तेव्हा त्याचे आजोबा लाडाने माठ भरायला जातील. त्यांना मी सांगेनच, तूही सांग. परीक्षेच्या दिवसांतही काम बंद करू नकोस. माठ घासणं दोन दिवसांआड केलं तरी चालेल, भरणं रोजचं. तो आजारी पडला तर त्याच्या जागी कोण करणार हे त्यालाच ठरवू दे, त्यानेच बहिणीला किंवा तुला विचारावं, आणि बरा झाला की दुसऱ्या दिवसापासून काम पुन्हा त्याचं.

सूनबाईला आशीर्वाद, मुलांना गोड पापा.

तुझी आई