आर्मी ऑफ इंडिया मेडल : कर्नलसाहेबांना एक जाहीर आभारपत्र

आदरणीय कर्नलसाहेब,
स. न. वि. वि.

आमच्या शाळेच्या इतिहास प्रदर्शनासाठी ‘आर्मी ऑफ इंडिया मेडल’ या १८०३ ते १८२६ मधील लढायांसाठीच्या ब्रिटिशकालीन लष्करी पदकाविषयीचा फलक तयार करताना आपण आपल्या संग्रहातील मूळ पदक माझ्या हाती ठेवून ते कसे वाचावे हे शिकवलेत, याबद्दल मी आपला अत्यंत ऋणी आहे. खडकी किंवा कोरेगावची पट्टी (पदकाच्या फितीवर लावलेली, लढाईचे नाव असलेली धातूची पट्टी) पाहायला मिळेल, अशी माझी आशा होती. प्रत्यक्षात निघाली ‘आवा’, म्हणजे १८२४-२६ च्या ब्रह्मदेशातील युद्धाची, आणि या पदकावर हीच पट्टी सर्वाधिक आढळते, असे आपण हसत सांगितलेत.

मुद्राशिल्पी विल्यम वायनने घडवलेली दर्शनी बाजूवरील व्हिक्टोरिया राणीची मुद्रा मला पुस्तकांतून परिचित होती. मागील बाजूकडे मात्र आपणच लक्ष वेधलेत. ताडाच्या झाडाजवळ बसलेली विजयदेवता, तिच्या एका हातात लॉरेलची डहाळी व दुसऱ्या हातात पुष्पचक्र, आणि खाली ‘१७९९-१८२६’ ही वर्षे. १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या विजयासाठी ईस्ट इंडिया कंपनीने वेगळे पदक आधीच दिलेले असल्यामुळे येथे १७९९ ची एकही पट्टी नाही. पहिली पट्टी १८०३ मधील अलीगढची. कोरलेल्या तारखेवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये, हे विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला सापडले नसते.

एकूण २१ पट्ट्यांपैकी नेपाळ, आवा व भरतपूर वगळता उरलेल्या १८ मराठ्यांशी झालेल्या युद्धांच्या आहेत, हे आपण यादीवर बोट ठेवून मोजून दाखवलेत, तेव्हा फलकाची मांडणीच बदलली. असई, अडगाव, गाविलगड, सीताबर्डी, नागपूर, पुणे ही आपली गावे आणि किल्ले तेथे इंग्रजी वळणाच्या नावांनी उभे आहेत. ज्या लढाईत पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले, त्या १८१८ च्या आष्टीची पट्टी मात्र नाही. लढाईला पट्टी मिळाली की नाही, एवढेच पाहून त्या लढाईचे महत्त्व ठरवण्याची सवय यामुळे सुटली.

हे पदक जाहीर झाले १८५१ मध्ये, तेही केवळ हयात असलेल्यांसाठी. असईत विशीत लढलेला शिपाई तोवर सत्तरीला टेकलेला असणार; कोरेगावच्या लढाईलाही ३३ वर्षे उलटली होती. पदकाच्या मागील बाजूस ‘भारतीय सैन्यास’ अशा अर्थाचा मजकूर असूनही देशी शिपायांच्या हाती फार थोडी पदके पडली. कडेवर कोरलेले नाव आधी वाचावे, मग पट्ट्या मोजाव्यात, हा आपला आग्रह मला आता पूर्णपणे पटला आहे.

आपण सुचवल्याप्रमाणे फलकावर पट्ट्यांच्या यादीशेजारी आष्टीसाठी एक रिकामी चौकट ठेवली आहे. फिकट निळ्या फितीचा जो तुकडा आपण दिलात, तो काचेखाली लावला आहे. प्रदर्शन संपताच तो सुरक्षित परत पाठवीन.

आपला कृतज्ञ,
एक इतिहास शिक्षक