साके गरम प्यायलात तर काही बिघडत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत साकेवरचा, म्हणजे जपानी तांदळाच्या दारूवरचा, लेख वाचला. 2024च्या डिसेंबरमध्ये युनेस्कोने कोजी बुरशीवर साके बनवायचं पारंपरिक कौशल्य वारसा यादीत घेतलं, त्या निमित्ताने मराठी पेपरात या विषयावर कोणी लिहिलं हेच खूप. पण शेवटी वाचकांना जो सल्ला दिलाय तो साफ उलटा आहे. म्हणे परंपरेची चव घ्यायची तर महागातली दाइगिंजो नावाची साके घ्या आणि थंडगार प्या, गरम साके म्हणजे हलका माल खपवायची युक्ती. मी नोकरीमुळे कोबेत राहतो, साकेचा सगळ्यात नावाजलेला नादा हा पट्टा इथलाच, कोबे ते निशिनोमिया, त्यामुळे वाचून गप्प बसवेना.

दाइगिंजो वाईट असं माझं अजिबात म्हणणं नाही. तांदूळ घासून घासून निम्मा किंवा त्याहून कमी उरवायचा, बाहेरच्या थरातली प्रथिनं आणि चरबी काढून टाकायची, मग कमी तापमानात सावकाश आंबवायचं, की केळं-सफरचंदासारखा वास येतो. तो वास गरम केला की उडतो, म्हणून ती गारच प्यावी, इथपर्यंत लेख बरोबर. पण इतकं घासणारी उभी यंत्रं आली 1930च्या आसपास आणि दाइगिंजोची क्रेझ तर 1980नंतरची. नादावाल्यांनी पूर्वी रोक्को डोंगरातून येणाऱ्या ओढ्यांवर पाणचक्क्या लावून तांदूळ सडला, तेव्हा तीच केवढी मोठी गोष्ट होती, पण निम्मा दाणा उडवणं त्यांना शक्यच नव्हतं. मग बाटलीवरचा पॉलिशचा आकडा बघून परंपरा कशी काय मोजणार?

परंपरा बघायची तर किमोतो बघा, म्हणजे साकेचं मुरवण करायची जुनी पद्धत. उथळ लाकडी टबांत वाफवलेला तांदूळ, कोजी आणि पाणी घालून ऐन थंडीत लांब दांड्यांनी ते घोटायचं, सगळ्यांचा हात एका लयीत चालावा म्हणून कामगार गाणी म्हणायचे. त्यात हवेतले, भांड्यातले लॅक्टिक जिवाणू आपसूक वाढतात, आंबटपणा येतो, नको ते जंतू मरतात आणि मग यीस्टला मोकळं रान मिळतं. नुसतं हे मुरवण तयार व्हायला महिनाभर लागतो. 1909मध्ये सरकारी संशोधकांनी सांगितलं की घोटायची गरजच नाही, कोजीच तांदूळ विरघळवते, ती झाली यामाहाई पद्धत, आणि 1910मध्ये तर तयार लॅक्टिक आम्लच घालायची सोय निघाली, काम दोन आठवड्यांवर आलं. आज बहुतेक साके तशीच बनते. ढोकळ्याचं पीठ रात्रभर आंबवणं आणि ऐनवेळी इनो टाकणं यात जो फरक तोच, दोन्ही फुगतात पण चव एक नाही.

किमोतोची साके फ्रिजमधून काढून प्यायलात तर कडक, जरा रागीट लागते, वास तर येतच नाही. तीच तोक्कुरीत म्हणजे मातीच्या सुरईत ओता, पाणी उकळून गॅस बंद करा, सुरई गळ्यापर्यंत त्यात ठेवा आणि दोन-तीन मिनिटांत 45 अंशांच्या आसपास काढा (मायक्रोवेव्ह नको, वर उकळतं आणि खाली गार राहतं). आता वाफवलेल्या भाताचा, थोडा अळंब्यांचा वास येतो, आंबटपणा बोचत नाही, घोट गिळल्यावरही चव जिभेवर रेंगाळते. तळाशी निळी वर्तुळं असलेला पांढरा कप मिळाला तर आधी त्यात बघा, पांढऱ्यावर रंग कळतो आणि निळ्याच्या कडेवर गढूळपणा. किंचित पिवळसर दिसली तर घाबरू नका, तो दोष असेलच असं नाही.

जपानीत 30 अंशांपासून 55 पर्यंत दर पाच अंशांना वेगळं नाव आहे, 40 म्हणजे नुरुकान, 45 जोकान, 50 आत्सुकान. नुसता माल खपवायला कोणी इतकी नावं ठेवत बसेल का? गरम साकेची बदनामी झाली ती युद्धानंतरच्या तांदळाच्या टंचाईत, साकेत बाहेरचं अल्कोहोल आणि साखर ढकलून तिप्पट माल करायचे आणि तो कढत करून वाढायचे. त्या पापाचं खापर चांगल्या किमोतोवर कशाला?

कोबेला कोणी येणार असेल तर किकुमासामुने या साके बनवणाऱ्या कंपनीचं संग्रहालय जरूर बघा. 1995च्या भूकंपात जुनी इमारत कोसळली, जुनी अवजारं ढिगाऱ्यातून काढून पुन्हा मांडलीत, ते घोटायचे दांडे आणि टब तिथे बघायला मिळतात. पुण्या-मुंबईतल्या जपानी हॉटेलात मेनूवर दाइगिंजोच जास्त दिसते, तरी किमोतो किंवा यामाहाई आहे का विचारून बघा, आणि असली तर गरम करून मागा, वेटरने भुवया उंचावल्या तरी.

पुरवणीत एवढी दुरुस्ती छापलीत तर बरं होईल.

आपला,
एक नियमित वाचक, कोबे