पोकर म्हणजे पाच पानांची तीन पत्ती नव्हे

माननीय संपादक यांस,
स.न.वि.वि.

गणपतीचे जागरण असो की दिवाळीची सुट्टी, आपल्याकडे पत्त्यांचा डाव मांडला जातोच. अलीकडे तोच डाव मोबाइलवर पोकरच्या रूपाने रंगतो आणि ‘तीन पत्ती येते ना, मग पोकरही येईल’ असे म्हणून मंडळी बसतात. नवख्यांच्या कितीतरी चुका याच समजुतीतून होतात. त्या नेमक्या कोणत्या आणि का होतात, हे वाचकांपर्यंत पोहोचावे म्हणून हे पत्र.

आधी पैशांविषयी, कारण सगळ्यात महाग चूक तिथेच होते. संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा मंजूर केला आणि 22 ऑगस्टला राष्ट्रपतींनी त्यावर सही केली. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ चालवणे, त्याची जाहिरात करणे आणि त्याचे पैसे फिरवणे या तिन्हींना त्यात शिक्षा आहे. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा जुना वाद या कायद्याने बाजूला ठेवला आहे. त्यामुळे ‘पोकर कौशल्याचा आहे, म्हणून चालतो’ हे वाक्य कुणी ऐकवले तर त्यावर विसंबू नये. देशातल्या मोठ्या ॲपांनी पैशांची टेबले तेव्हाच बंद केली.

ती बंद झाल्यावर काही जण टेलिग्रामवरच्या ‘क्लब’कडे किंवा परदेशी साइटकडे वळतात. तिथे एजंट यूपीआयवर पैसे घेतो आणि ॲपमध्ये तेवढ्या चिप्स (खेळातली नाणी) टाकतो. ज्या खात्यात आपण पैसे भरतो ते बहुतेकदा तिसऱ्याच कुणाचे, भाड्याने घेतलेले असते. आपण जिंकलो तर पैसे अशाच दुसऱ्या खात्यातून येतात. त्या खात्यावर कुठेतरी फसवणुकीची तक्रार झाली, की पोलीस पैशांचा माग काढत आपल्या बँक खात्यापर्यंत येतात आणि आपलेही खाते गोठते. ॲप प्ले स्टोअरवर नसते, तिची एपीके (ॲप बसवायची) फाइल लिंकवरून उतरवून घ्यावी लागते, आणि तिला एसएमएस वाचायची परवानगी दिली तर ओटीपीही तिच्या हाती जातो. अशा ठिकाणी पैसे अडकले असतील तर एजंटशी घासाघीस करण्यात दिवस घालवू नयेत. व्यवहाराचा यूटीआर (बँकेचा संदर्भ) क्रमांक आणि चॅटचे स्क्रीनशॉट हाताशी ठेवून लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करावा. पहिल्या काही तासांत रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवता येण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

म्हणजे शिकायचे ते बिनपैशाच्या चिप्सवर. आता खेळाकडे वळू.

तीन पत्तीत सिक्वेन्स (लागोपाठची पाने) कलरला (एकाच रंगाची पाने) मारतो. पोकरमध्ये उलटे आहे: एकाच रंगाची पाच पाने, म्हणजे फ्लश, ही सिक्वेन्सच्या वर. यात कुणाची लहर नाही, मोजणी आहे. तीन पानांत सिक्वेन्स 720 प्रकारे बनतो आणि कलर 1,096 प्रकारे, म्हणून तिथे सिक्वेन्स दुर्मीळ ठरतो. पाच पानांत सिक्वेन्स 10,200 प्रकारे बनतो आणि फ्लश फक्त 5,108 प्रकारे. एक्का-दुर्री-तिर्री आपल्याकडे बहुतेक घरांत वरचा सिक्वेन्स मानतात, पण पोकरमध्ये एक्का ते पंजी हा सगळ्यात खालचा. ‘ब्लाइंड’ हा शब्दही फसवतो. तीन पत्तीत ब्लाइंड म्हणजे पाने न बघता खेळणे. पोकरमध्ये ब्लाइंड म्हणजे डीलरच्या डावीकडच्या दोघांनी पाने वाटण्याआधी सक्तीने टाकायची रक्कम. ती टाकली म्हणून डावात राहायलाच हवे असे मुळीच नाही. ‘आधीच टाकलेत ना’ म्हणून सत्ती-दुर्रीवर पुढे जाणारे रोज दिसतात. टाकलेल्या चिप्स पॉटच्या, म्हणजे मधल्या ढिगाच्या झाल्या, त्या आता आपल्या नाहीत.

तीन पत्तीची दुसरी सवय म्हणजे प्रत्येक डावात चाल देणे. नेहमी खेळल्या जाणाऱ्या होल्डेम पोकरमध्ये प्रत्येकाच्या हाती दोन पाने असतात आणि टेबलावर सर्वांची मिळून पाच उघडतात: आधी तीन एकदम (फ्लॉप), मग एकेक करून दोन. हातच्या दोन पानांचे 1,326 जोड असतात आणि त्यातले बहुसंख्य टाकण्याच्याच लायकीचे असतात. एक्क्यांची जोडी सरासरी 221 डावांत एकदा येते. सहा जणांच्या टेबलावर साधारण 20 ते 25 टक्के डाव खेळावेत, नऊ जणांत 15 ते 20. नवखा सहज निम्मे खेळतो. दोन्ही पाने इस्पिकची आहेत एवढ्यावर कुणी पुढे जात असेल तर त्याने हे लक्षात ठेवावे, की फ्लॉपच्या तीन पानांतच फ्लश पुरा होण्याचा योग सुमारे 119 वेळांत एकदा येतो. लहान जोडी हाती असताना तिसरे तसेच पान फ्लॉपवर येणे साडेआठ वेळांत एकदा.

एक्का आणि सोबत कुठलेही पान, हा त्याहून गोड सापळा. हाती एक्का-सत्ती आहे आणि समोर एक्का-राजा. टेबलावर एक्का आला की दोघांचीही जोडी एक्क्यांचीच, पण निकाल सोबतच्या पानावर लागतो आणि सत्ती हरते. असा सामना चारदा झाला तर आपण साधारण एकदा जिंकू. पुन्हा एक्क्यांची जोडी सोडवत नाही, म्हणून नेमके याच डावात सर्वाधिक जाते.

आता सर्वांत जास्त वेळा चुकणारे गणित. फ्लॉपनंतर बदामाची चार पाने झाली आहेत, पाचवे हवे आहे. न दिसलेली पाने 47, त्यात बदामाची 9. पुढच्याच पानावर बदाम येण्याची शक्यता 47 पैकी 9, म्हणजे 19 टक्के. उरलेल्या दोन्ही पानांत मिळून 35 टक्के. तोंडी हिशेबासाठी आपल्या उपयोगाच्या पानांना एका पानासाठी दोनाने आणि दोन पानांसाठी चाराने गुणावे, उत्तर जवळपास बरोबर येते.

समजा पॉटमध्ये 400 चिप्स आहेत आणि समोरच्याने आणखी 400 लावल्या. आपण 400 भरल्या की पॉट 1,200 चा होईल. म्हणजे 1,200 पैकी 400, निदान 33 टक्के वेळा जिंकलो तरच भरणे परवडते. इथे नवखा म्हणतो, ‘माझे 35 आहेत, भरतो.’ चूक इथेच आहे. 35 टक्के हा आकडा दोन्ही पाने बघायला मिळतील तेव्हाचा. कुणातरी एकाच्या सगळ्या चिप्स आत गेल्या असतील, तर पुढे काही भरावे लागत नाही आणि 35 लागू होतात. एरवी चौथ्या पानानंतर समोरचा पुन्हा लावणार आणि पुन्हा भरावे लागणार. तेव्हा आत्ता भरलेल्या 400 मध्ये एकच पान विकत मिळते, 19 टक्क्यांचे. बदाम आल्यावर समोरच्याकडून अजून भरपूर निघणार असेल तरच तूट भरून निघते. त्यातही तो पाचवा बदाम टेबलावर जोडी करून समोरच्याचे फुल हाऊस (तीन सारखी पाने आणि एक जोडी, फ्लशच्या वर) पुरे करू शकतो आणि आपले बदाम छक्की-चौकीचे असतील तर कुणाकडे तरी वरचे असू शकतात. हा हिशेब जो दर वेळी थांबून करतो, त्याला बाकीचे निम्मे पोकर आपोआप येते.

बसण्याची जागाही मोजली पाहिजे. डीलरचे बटण (डीलर कोण हे दाखवणारी चकती) ज्याच्यापुढे, तो फ्लॉपनंतर शेवटी बोलतो. बाकी सगळ्यांनी काय केले हे बघून तो ठरवतो. म्हणून राणी-दश्शी बटणावर खेळण्याजोगी आणि नऊ जणांत सगळ्यात आधी बोलताना टाकण्याजोगी. पाने तीच, माहिती वेगळी.

ऑनलाइनच्या म्हणून ज्या चुका आहेत त्या वेगाच्या आहेत. प्रत्यक्ष टेबलावर तासाला 25-30 डाव होतात, मोबाइलवर 60-80. चुकीची सवय असेल तर तीही तितक्याच वेगाने अंगात मुरते. ‘कितीही लावले तरी भर’ हे आगाऊ दाबायचे बटण कधीच वापरू नये. रकमेची पट्टी अंगठ्याने ओढताना सगळ्या चिप्स आत जातात, म्हणून आकडा टाइप करावा. लहान पडद्यावर बदाम आणि चौकट दोन्ही लाल, इस्पिक आणि किलवर दोन्ही काळे. चार पाने बदामाची आहेत असे वाटते आणि प्रत्यक्षात तीनच निघतात. बहुतेक ॲपांत बदाम, चौकट, इस्पिक आणि किलवर चार वेगळ्या रंगांत दाखवायची सोय सेटिंगमध्ये असते, ती पहिल्याच दिवशी चालू करावी. एकाच वेळी दोन-तीन टेबले उघडू नयेत. मित्राशी फोनवर एकमेकांची पाने सांगत खेळणे ही सरळ फसवणूक आहे, बिनपैशाच्या टेबलावरसुद्धा.

फुकट चिप्सचाही एक दोष आहे: संपल्या की लगेच नव्या मिळतात, त्यामुळे लोक पहिल्याच फेरीला सगळे आत ढकलतात आणि फोल्ड करायला, म्हणजे पाने टाकून डाव सोडायला, कुणी शिकत नाही. त्यावर उपाय घरात आहे. पाच-सहा जणांनी प्रत्येकी 100 चिंचोके घ्यावेत, ब्लाइंड 1 आणि 2 ठेवावेत आणि संपलेल्याने रात्रभर फक्त बघावे. फोल्डची किंमत एका बैठकीत कळते.

परदेशांतल्या मराठी वाचकांपैकी काहींकडे पैशांचे पोकर कायदेशीर आहे. न्यू जर्सीत ते 2013 पासून परवान्याने चालते, ब्रिटनमध्ये जुगार आयोगाच्या नियमांखाली. त्यांनी पहिली रक्कम भरण्याआधी खात्यावर महिन्याची मर्यादा घालावी. घर चालवण्याच्या पैशांपासून वेगळी, एका बैठकीला लागते त्याच्या निदान 20-30 पट रक्कम बाजूला नसेल, तर खालच्या टेबलावर जावे. ब्रिटनमध्ये क्रेडिट कार्डाने जुगार खेळण्याला एप्रिल 2020 पासून बंदी आहे आणि स्वतःला सगळ्या परवानाधारक साइटवरून बंद करून घेण्यासाठी गॅमस्टॉप ही मोफत सोय आहे. आपल्याकडे घरातल्या कुणाला खेळ सोडवत नसेल, गेलेले परत मिळवण्यासाठी उसने घ्यायची वेळ आली असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 क्रमांकावर मराठीत बोलता येते.

आपल्या पुरवणीत पत्त्यांच्या खेळांवर अधूनमधून मजकूर येतो. पोकरविषयी छापताना तीन पत्ती आणि पोकर यांच्या पानांची उतरंड शेजारी शेजारी द्यावी आणि 1930 हा क्रमांक त्याच चौकटीत छापावा, एवढी विनंती.

आपले नम्र,
पत्त्यांची आवड असलेले दोन गणित शिक्षक, सांगली