नांदूर मध्यमेश्वरच्या वसंतातील पक्ष्यांसाठी जलसंपदा मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय जलसंपदा मंत्री,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय : उन्हाळी आवर्तनांचे (धरणांतून पाळीपाळीने सोडल्या जाणाऱ्या सिंचनाच्या पाण्याचे) नियोजन करताना नांदूर मध्यमेश्वर अभयारण्यातील पक्ष्यांच्या विणीच्या हंगामाचा विचार होण्याबाबत.

महोदय,

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ शंभराहून अधिक वर्षांपूर्वी बंधारा बांधला गेला, तो कालव्यांना पाणी मिळावे म्हणून. त्याच्या फुगवट्यात, म्हणजे बंधाऱ्यामागे अडलेल्या पाण्यात, गाळ साचत गेला, उथळ पाणी, बेटे आणि पाणवनस्पती तयार झाल्या आणि पाटबंधाऱ्याच्या कामातूनच पक्ष्यांचे हे ठिकाण आकाराला आले. १९८६ मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०१९ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, समाविष्ट झालेले ते महाराष्ट्रातील पहिले पाणथळ क्षेत्र ठरले. येथील पक्षी वन विभागाच्या अखत्यारीत आहेत, पाणी मात्र आपल्या खात्याच्या हाती आहे, म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहे.

पर्यटकांची गर्दी येथे हिवाळ्यात होते आणि शासनाचे लक्षही बहुधा त्याच दिवसांपुरते असते. प्रत्यक्षात फाल्गुन-चैत्राचे दिवस अधिक नाजूक असतात. हिमालय ओलांडून जाणारे पट्टकादंब, तलवार बदके आणि थापट्या बदके याच सुमारास परतीला लागतात, आणि त्या लांबच्या उड्डाणासाठी अंगात चरबी साठवायची तर त्यांना उथळ पाण्यात निवांतपणे चरता आले पाहिजे. पिवळ्या धोब्यांचा रंग या दिवसांत इतका उजळतो की हिवाळ्यात पाहिलेला पक्षी हाच का, असा प्रश्न पडावा. पाहुणे जात असतानाच नदीकाठच्या पक्ष्यांची वीण सुरू होते. नदी सुरय, छोटी आर्ली, कंठेरी चिखल्या आणि टिटवी हे पक्षी झाडावर घरटे बांधत नाहीत. पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या वाळूत, गाळात किंवा खड्यांत ते अंडी घालतात. अंड्यांचा रंग भोवतालच्या मातीशी एवढा मिळून जातो की शत्रूच्या नजरेतून ती सुटतात, पण चढत्या पाण्यापासून त्यांना कोणतेच संरक्षण नसते. अंडी उबवायला साधारण तीन ते चार आठवडे लागतात. त्या काळात वरच्या धरणांतून आवर्तन सुटून फुगवट्याची पातळी एकदम वाढली, तर संपूर्ण विणीवर पाणी फिरते. जगभरात संख्या घटल्याने असुरक्षित मानल्या गेलेल्या नदी सुरयाच्या बाबतीत ही हानी विशेष गंभीर आहे.

या पाण्यावर कोपरगाव, राहाता, वैजापूर आणि गंगापूर येथील शेतकऱ्यांचा हक्क आहे आणि त्यांच्या वाट्याचा एक थेंबही कमी करावा, असे माझे म्हणणे नाही. उन्हाळ्यात उभ्या पिकाला पाणी चुकले म्हणजे काय होते, हे निफाडच्या माणसाला कोणी सांगावे लागत नाही. मागणी आहे ती पाणी सोडण्याच्या पद्धतीविषयी. विसर्ग टप्प्याटप्प्याने वाढवावा, मार्च ते जून या काळात फुगवट्याची पातळी शक्यतो एका ठरावीक मर्यादेत राखावी आणि आवर्तनाची तारीख वनकर्मचाऱ्यांना पुरेशी आधी कळवावी, म्हणजे उघड्या बेटांवरील घरट्यांची पाहणी त्यांना वेळेत करता येईल.

उन्हाळी आवर्तने ज्या कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतात, तेथे अभयारण्याची बाजू मांडणारा अधिकारी असायला हवा. पाणी किती आणि कधी सोडायचे याचा निर्णय झाल्यानंतर वन विभागाला केवळ त्याची प्रत पाठवण्याने काहीच साधणार नाही. रामसर दर्जा स्वीकारताना या जागेचे परिसंस्थात्मक स्वरूप टिकवण्याची जबाबदारी देशाने घेतली आहे आणि ती एकट्या वन विभागाला पेलणारी नाही, कारण येथे सारे पाण्याच्या पातळीवर अवलंबून आहे.

तरी या उन्हाळ्याच्या आवर्तनाची बैठक होण्यापूर्वी नाशिक वन्यजीव विभागाच्या अधिकाऱ्यांना तिचे निमंत्रण द्यावे आणि पातळीची मर्यादा दोन्ही खात्यांनी मिळून लेखी ठरवावी, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
निफाड तालुक्यातील एक पक्षिनिरीक्षक