जे हातीपायी धड परत आले, त्यांच्यासाठी

प्रति,
मा. मंत्री, माजी सैनिक कल्याण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,
सविनय नमस्कार.

मुंबई शहर आणि मुंबई उपनगर, या दोन्ही जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांत ठरलेल्या दिवशी मराठी बोलणारा मानसोपचारतज्ज्ञ बसावा, अशी माझी मागणी आहे. पेन्शनच्या कागदांसाठी, मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी, घरपट्टीच्या माफीसाठी माजी सैनिक तिथे येतातच. रात्रीची झोप उडाली आहे हे कुणाला सांगायचं, ते मात्र त्यांना कळत नाही.

२६ जानेवारीला आमच्या काळाचौकीत सकाळपासून स्पीकर लागतो. सी. रामचंद्रांची चाल आणि लताबाईंचा आवाज ऐकून आजही गळा दाटतो. ‘ऐ मेरे वतन के लोगों’ पहिल्यांदा गायलं गेलं ते २७ जानेवारी १९६३ ला, दिल्लीत, चीन युद्ध थांबून जेमतेम दोन महिने झाले असताना. कुसुमाग्रजांची ‘अनामवीरा’ ही कविताही आपल्याला पाठ आहे. पण ही सगळी न परतलेल्यांची गाणी आहेत. जो परत आला, ज्यानं दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन रेशनच्या रांगेत उभं राहायचं आहे, त्याच्यासाठी आपल्याकडे गाणं जवळजवळ नाहीच. ‘हकीकत’मध्ये (१९६४) लडाखच्या बर्फात अडकलेले जवान गातात, तेव्हा त्यांच्या मनात शत्रू नसतो. घरचं माणूस आपल्याला विसरलं असेल, ही एकच गोष्ट त्यांना खात असते. मला ते गाणं सगळ्यात खरं वाटतं.

सिनेमानं यापुढचंही थोडं दाखवलं आहे. ‘हम दोनों’मधला (१९६१) मेजर मेला असं सगळे धरून चालतात, तो पाय गमावून घरी येतो आणि स्वतःच्या बायकोवर संशय घेतो. नाना पाटेकरांच्या ‘प्रहार’मधला (१९९१) मेजर तर आपल्या मुंबईतच येतो. शिष्याच्या लग्नाला म्हणून येतो, तर हप्ता न दिल्यामुळे गुंडांनी त्या पोराला संपवलेलं असतं. मेजर कायदा हातात घेतो आणि आपण टाळ्या वाजवतो. पण त्या माणसाकडे नीट बघा. शत्रू आणि आपला, याखेरीज तिसरं माणूस त्याच्या डोळ्यांना दिसतच नाही. साध्या वस्तीत चार लोकांसारखं कसं राहायचं, हे त्याला कुणी शिकवलेलंच नाही. ‘द हर्ट लॉकर’ (२००८) या अमेरिकी चित्रपटात बॉम्ब निकामी करणारा सार्जंट इराकमधली तैनाती संपवून घरी येतो. बायको त्याला दुकानातून न्याहारीचं सीरियल आणायला सांगते. खोक्यांच्या लांबच लांब रांगेपुढे तो नुसता उभा राहतो. कुठली वायर कापायची हे क्षणात ठरवणाऱ्याला खोका निवडता येत नाही. पुढे तो पुन्हा युद्धावरच जातो.

हे सगळं मी घरात पाहिलं आहे. माझे वडील, आबा, १९८७ साली भारतीय शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत गेले. त्या मोहिमेत आपले सुमारे बाराशे जवान मारले गेले. तिच्यावरचं गाणं मी कुठल्याही चौकात ऐकलेलं नाही. तिथे रस्त्याखाली सुरुंग पेरलेले असत. आणि मुंबईत तर रस्ता कायम खणलेला! ताजी माती टाकून बुजवलेला चर दिसला की आबा थांबायचे, माझा दंड धरून मला लांबून वळसा घालायला लावायचे. आई त्यांना उठवायची ती पायाशी उभी राहून, दुरून ‘अहो’ म्हणत. खांद्याला हात लावायची नाही. विसर्जनाला सुतळी बॉम्ब फुटू लागले की ते मोरीत जाऊन नळ सोडून बसायचे. लोक म्हणायचे, तापट आहेत. ते तापट नव्हते. ज्या सावधपणानं त्यांचा जीव तिथे वाचवला, तो इथे उतरवून कसा ठेवायचा हे त्यांना ठाऊक नव्हतं. पहिल्या महायुद्धात साताऱ्याकडची माणसं मेसोपोटेमियात लढून आली, त्यांच्या घरांतही हे घडलंच असणार. वैद्यकशास्त्रानं या आजाराला ‘पीटीएसडी’, म्हणजे आघातानंतर मनात टिकून राहणारा ताण, हे आजचं नाव दिलं ते १९८० मध्ये.

जवान बहुधा चाळिशीच्या आसपास निवृत्त होतो. मुंबईत त्याला मिळणारं काम ठरलेलं आहे : बँकेच्या दारात, नाहीतर सोसायटीच्या गेटवर, बऱ्याचदा रात्रपाळी. आबाही बंदूक घेऊन बँकेच्या दारात उभे राहिले. त्रास होतोय असं बोललो तर परवाना जाईल, परवाना गेला की नोकरी जाईल, म्हणून त्यांनी जन्मभर तोंड उघडलं नाही. त्यांची भीती खोटी नव्हती, हे मला मान्य आहे. ज्याच्या हातात बंदूक आहे त्याचं दुखणं लपून राहणं सगळ्यांनाच धोक्याचं आहे. म्हणूनच बोलणाऱ्याला तेवढ्याच पगाराचं, बंदुकीविना काम मिळेल अशी हमी आपल्या विभागानं दिली पाहिजे. त्याशिवाय तज्ज्ञ बसवूनही खुर्च्या रिकाम्याच राहतील.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे. सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात डिसेंबर २०२३ मध्ये त्याचा स्वतंत्र कक्षही सुरू झाला. चांगलं काम आहे. पण दहा बाय बाराच्या खोलीत, बायकापोरांसमोर, फोनवर असलं कोण बोलणार? त्याला बाहेरची एक बंद खोली हवी. त्याच्या बायकोला तिची वेगळी वेळ हवी, कारण पहिल्यांदा बोलणार ती. माजी सैनिक ओळखपत्र काढायला जवान येतो, त्याच दिवशी नवरा-बायको दोघांशी अर्धा तास बोलणं व्हावं. सगळ्यांशीच होत असेल तर कुणाला वेडा ठरवल्यासारखं वाटणार नाही.

७ डिसेंबरला ध्वजदिन आहे. निधीसाठी डबे फिरतील, शाळेतली मुलं छातीवर छोटे झेंडे लावतील. या वर्षी त्या कार्यक्रमात आपण दोन्ही कार्यालयांतल्या या खोल्यांची घोषणा करावी आणि त्या कोणत्या तारखेला सुरू होणार तेही सांगावं.

आपली,
एका माजी सैनिकाची मुलगी,
काळाचौकी, मुंबई